इनिशकार्नच्या पेटीतलं एक मत

डेलिया लॅव्हेलचा आवाज इनिशकार्न बेटावर प्रत्येकाच्या कानात होता, आणि तरी तिला मोठ्यानं बोलताना फारसं कुणी ऐकलं नव्हतं. ती बेटावरच्या नाटक मंडळीची प्रॉम्प्टर. हिवाळा आला, बोटी किनाऱ्यावर ओढून पालथ्या घातल्या, की चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये नाटक बसायचं. मासे मारणारे, मेंढ्या राखणारे, लेकुरवाळ्या बायका, सगळे रंगमंचावर. आणि डेलिया उजव्या विंगेत एका स्टुलावर, गुडघ्यांवर शाल आणि शालीवर संहिता. नट अडखळला रे अडखळला की तिचा शब्द त्याच्या कानाशी पोचलेला असायचा. पहिल्या रांगेतल्या माणसालाही तो ऐकू जायचा नाही. ही कला शिकवून येत नाही. नट कुठं श्वास घेणार आणि कुठं घाबरणार हे ज्याला त्याच्याआधी कळतं त्यालाच ती जमते, आणि अशा माणसाला टाळ्या मिळत नाहीत. पडदा पडल्यावर सगळे हात धरून वाकायचे, तेव्हा डेलिया मागं चहाची किटली चढवायला गेलेली असायची.

एका वर्षी तिच्या हातून दोन-चार पानं एकदम उलटली गेली, आणि पहिल्या अंकातल्या लग्नाच्या बोलणीत तिनं शेवटच्या अंकातलं मयताचं वाक्य दिलं. गंमत अशी की नटानं ते म्हटलं. समोरच्यानं त्याला उत्तरही दिलं. मुलीच्या बापाला सगळ्यांनी मिळून पुरून टाकलं, तो बाप तिथंच खुर्चीवर बसलेला असताना. त्या बापानंही टोपी काढून मान खाली घातली, आणि प्रेक्षकांत दोघी-तिघींनी डोळे पुसले. नंतर विचारलं तर तो बाप म्हणाला, "डेलियानं दिलंय म्हणजे बरोबरच असणार." पुढं बेटावर हे म्हणायची पद्धतच पडली.

पोस्टही तीच सांभाळायची. त्यामुळं पेन्शनचे कागद, मेंढ्यांच्या अनुदानाचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, काहीही आलं की लोक ते घेऊन काउंटरपाशी उभे राहायचे. डेलिया चष्मा लावायची, हळू आवाजात सांगायची, आणि लोक तसं करायचे.

कोलमन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि डेलियाची बॅग बॉस्टनला जाण्यासाठी भरून दाराशी ठेवलेली होती. ती बॅग तिनं पुन्हा उघडली. नवे परकर फाडून पोराची लंगोटं शिवली, आणि बॉस्टनचा विषय तिथं संपला. लग्नही केलं नाही. विचारणारे नव्हते असं नाही. समोरच्या किनाऱ्यावर पोर्टाकली म्हणून गाव आहे, तिथला जारलथ मनेली एका उन्हाळ्यात दर रविवारी वल्ही मारत यायचा आणि पोस्टाच्या पायरीवर बसून राहायचा. कोलमन तेव्हा त्याच्या टोपीत खेकडे ठेवायचा. शेवटी जारलथनं विचारलं. डेलिया म्हणाली की पोर अजून लहान आहे. पोर मोठं होईपर्यंत जारलथच्या घरात दुसऱ्या बाईची चूल पेटली होती. दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि दोघांची मैत्री टिकली.

कोलमन मात्र देखणा निघाला, आवाजाचा निघाला. रंगमंचावर त्याचा पाय पडला की हॉलचे दिवे जरा जास्त पेटल्यासारखे वाटायचे. पाठांतर मात्र यथातथाच. अर्धं नाटक तो उजव्या विंगेकडं तोंड करून करायचा. सबिना म्हणून बेटावर एक म्हातारी होती, जिभेची तिखट. ती म्हणायची, "हा पोरगा प्रेमाची सगळी वाक्यं बहिणीकडं बघून म्हणतो आणि बायकोला पाठ दाखवतो." नाटकातली बायको म्हणजे खुद्द सबिनाची नात, त्यामुळं तिला जास्तच झोंबायचं.

उन्हाळ्यात कोलमनची बोट सॅमन माशांवर असायची. बेटाचं सगळं पोट त्या दोन महिन्यांच्या जाळ्यांवर. आणि एका वर्षी बातमी आली की समुद्रातली सॅमनची जाळी बंद करायची बोलणी वर चालली आहेत. वर म्हणजे डब्लिनला, आणि डब्लिनच्याही वर म्हणजे ब्रसेल्सला, स्ट्रासबर्गला, जिथं पंधरा देशांची माणसं एका छपराखाली बसून कुणी कुठला मासा कधी धरायचा हे ठरवतात. बेटावर या गोष्टीचा कधी कुणी विचारच केला नव्हता. युरोपच्या निवडणुकीचा कागद हातात आला की लोक तो तसाच कोरा घडी करून पेटीत टाकायचे, कारण त्यातलं एकही नाव कुणाच्या ओळखीचं नसायचं.

कोलमन म्हणाला, या वेळी ओळखीचं असेल.

त्याला वेड्यात काढणारे पुष्कळ होते. अख्ख्या वायव्य आयर्लंडचा मिळून एक मतदारसंघ, आणि त्यातून तीनच माणसं त्या संसदेत जायची. दोन जागा दोन मोठे पक्ष घेणार हे ठरलेलंच, झगडा तिसरीसाठी. पण मत देण्याची पद्धत अशी की लहान माणसालाही आशा धरता यावी. मतदार नुसती खूण करत नाही. नावांपुढं पसंतीचे आकडे लिहितो, एक, दोन, तीन, चार. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यांत कमी, तो बाद. आणि त्याचा प्रत्येक कागद पुढच्या आकड्यावाल्याकडं जातो. असं एकेक बाद होत, कागद सरकत सरकत जागा भरतात. म्हणून पहिल्या फेरीत पहिलं येण्यापेक्षा बाद न होता तग धरणं महत्त्वाचं. कोलमनला दोन मोठे पक्ष सोडून सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीत जागा मिळत होती. डोनेगलचे कोळी त्याच्या बाजूला होते. पोर्टाकलीनं तर त्याच्यासाठी नाटकाचा खास प्रयोग लावला होता. कोलमन जुन्या व्हॅनवर कर्णा बांधून गावोगाव हिंडला, आणि विंगेत कुणी नसताना पहिल्यांदाच स्वतःची वाक्यं स्वतः बोलला. डेलियानं ते रेडिओवर ऐकलं. तिचे ओठ हलत होते, पण तो कुठंच अडखळला नाही.

त्या वर्षी कौंटी कौन्सिलची, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराची, आणि युरोपची निवडणूक एकाच दिवशी आली, म्हणजे हातात दोन कागद. कौन्सिलला बेटावर बोटींच्या नव्या धक्क्यासाठी झटणारा माइल्स गिंटी उभा होता, तोही काठावर. कोलमननं स्लायगोहून फोन केला आणि सांगितलं, माइल्सला सगळ्यांनी पहिला नंबर द्या, त्याला गरज आहे. मग माझं बघा. एवढंच तो बोलला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मासची प्रार्थना आटोपल्यावर लोक हॉलमध्ये जमले. डेलियानं जुन्या पाकिटांच्या पाठीवर नावं लिहून सगळ्यांना वाटली. पहिल्या पाकिटावर कौन्सिल: माइल्स गिंटीला एक, खालच्या दोघांना दोन आणि तीन. मग दुसरं पाकीट, युरोप.

"तिथं कोलमनला चार," डेलिया म्हणाली.

सबिना म्हणाली, "चार? पुन्हा एकपासून का नाही गं?"

डेलियाला तो प्रश्नच थोडा पोरकट वाटला. नाटकाच्या संहिता कौंटी लायब्ररीतून दोन भागांत बांधून यायच्या. पहिला भाग जिथं संपतो त्याच्या पुढच्या आकड्यानं दुसरा सुरू होतो. नवा भाग म्हणून पानांना कुणी परत एक घालत नाही, नाहीतर प्रॉम्प्टरची तारांबळ होईल. तिनं तसं समजावलं. आणि माणसाला एकच पहिला नंबर असतो, तो माइल्सला दिला, मग उरला काय? कोलमनच म्हणाला आहे, आधी माइल्स, मग मी.

सबिना पाकीट उलटसुलट करत म्हणाली, "बाकी चौथा म्हणजे फारच मागं वाटतो गं. पण डेलियानं दिलंय म्हणजे बरोबरच असणार." सगळे हसले. मग एकमेकांची पाकिटं तपासत त्यांनी आकडे गिरवले. सोडा ब्रेड आणि हॅम होतं, चहा होता. जाताना प्रत्येक जण काउंटरवर थाप मारावी तशी डेलियाच्या खांद्यावर थाप मारून गेला.

बेटांवर मतदान मुख्य भूमीच्या आधी होतं, कारण समुद्र खवळला तर पेटी अडकून पडायची. मतदान अधिकारी पोलिसासोबत पेटी घेऊन बोटीतून आला, हॉलमध्ये टेबल मांडून बसला. त्याला कुणाला काही सांगायची मुभा नव्हती, आणि त्याला कुणी काही विचारलंही नाही. कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात सूचना होती. ती वाचायची गरज वाटावी असं बेटावर काय घडलं होतं? कोलमन दुपारी घाईनं आला, मत टाकलं, डेलियाच्या हातचं एक बटाट्याचं धिरडं उभ्या उभ्या खाल्लं आणि परत गेला.

मोजणी मुख्य भूमीवर, कॅसलबार शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये. डेलिया तिचा तो एकच चांगला निळा कोट घालून आली. कोलमननं तिला इनिशकार्नच्या पेटीवर टॅलीसाठी बसवलं होतं. टॅली म्हणजे अधिकृत मोजणी नव्हे. अधिकारी पेटी उघडून घड्या सोडवत असतात, तेव्हा कठड्यापलीकडून सगळ्या पक्षांची माणसं वाकून बघतात, एक जण नाव पुकारतो, दुसरा पेन्सिलीनं रेघा ओढतो. वर्षभर एकमेकांच्या तोंडाकडं न बघणारे या दिवशी एकाच थर्मासमधला चहा पितात. जारलथ मनेली एका मोठ्या पक्षाचा जुना टॅलीवाला होता. त्याचा आवाज खणखणीत, म्हणून पुकारायला नेहमी तोच. डेलियाला बघून त्यानं टोपी काढली आणि तिला कठड्यापाशी चांगली जागा करून दिली.

आधी पोर्टाकलीची पेटी उघडली. लॅव्हेल एक, लॅव्हेल एक, लॅव्हेल एक. जारलथचं स्वतःचं गाव त्याच्याच पक्षाला सोडून कोलमनकडं गेलेलं, आणि तो ते असं पुकारत होता की जणू घरचं लग्न आहे. पेन्सिलवाला म्हणाला, "जारलथ, तुझा पक्ष तुला हाकलेल." जारलथ म्हणाला, "हाकलू दे. बोटीला एक माणूस कमीच आहे."

मग इनिशकार्नची पेटी. लहानशी. पहिली घडी सुटली.

"लॅव्हेल," जारलथ म्हणाला, आणि थांबला.

"लॅव्हेल काय?"

"चार."

"चार नाही विचारलं. एक कुणाला?"

"एक कुणालाच नाही," जारलथ म्हणाला.

दुसरी घडी. लॅव्हेल, चार. तिसरी. डेलिया आकडे ओळखू लागली. चाराच्या पोटात गाठ मारणारी सबिना. कापऱ्या हातानं रेघ खाली ओढणारा दीपगृहाचा जुना रखवालदार. मग एक सुबक, पोस्टाच्या शिक्क्यासारखा सरळ चार आला. तो तिचा स्वतःचा होता. आपल्या भावासाठी तिनं घातलेला. घडीमागून घडी, अख्खं बेट तिच्यासमोर उलगडत गेलं, आणि जारलथचा आवाज प्रत्येक घडीला थोडा खाली येत गेला. मध्येच एका कागदावर एक दिसला, तिरका, उतावळा.

"लॅव्हेल, एक," जारलथ पुटपुटला. तेवढा एकच. डेलियाला ते अक्षर पाटीवर गिरवून घेतल्यापासून ठाऊक होतं. ते कोलमनचं होतं.

जारलथनं तिच्याकडं वळून हळूच विचारलं, कौन्सिलच्या कागदावर तुम्ही काय लिहिलं?

"एक, दोन, तीन," डेलिया म्हणाली. "मग इथं पुढचा. बरोबर आहे ना, जारलथ?"

जारलथला खोटं बोलता आलं असतं तर तो त्या क्षणी बोलला असता. तो म्हणाला, "डेलिया, ही दोन वेगळी नाटकं आहेत."

कागद शंकास्पद मतांच्या ढिगात गेले. तिथं एक नवलच घडलं. त्या कागदांसाठी भांडायला पहिला उभा राहिला तो जारलथ, दुसऱ्या पक्षाचा माणूस. त्यानं निवडणूक अधिकाऱ्याला सांगितलं की या लोकांच्या मनात काय आहे ते आंधळ्यालाही दिसेल. कौन्सिलच्या कागदावर तीनपर्यंत गेलेत, इथं चारपासून निघालेत. अधिकारी गृहस्थ सज्जन होता. त्यानं चष्मा पुसला, नियमाचं पुस्तक आणवलं, वकिलाशी बोलला. कोलमन तोवर धावत आला होता आणि ढिगातले कागद लांबून बघत होता. हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी अधिकारी म्हणाला की ज्या कागदावर एक नाही त्यावर पहिली पसंती नाही, आणि पहिली पसंती नाही तर मत नाही. दुसऱ्या कागदावरून या कागदातलं मन मला वाचता येणार नाही. मला वाईट वाटतं.

त्यानं कागदांवर 'बाद' असा शिक्का मारायला घेतला. डेलिया पोस्टात रोज तसेच शिक्के मारायची. तो आवाज तिला ओळखीचा होता.

पुढचं सगळं कागद सरकण्याचं होतं. फेरीमागून फेरी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन नावं अगदी चिकटून खाली राहिली: कोलमन, आणि लेट्रिमची एक बाई, सहकारी दूध संघवाली. बाई बाद झाली असती तर तिच्या कागदांवरची पुढची पसंती बहुतेक कोलमनची होती आणि तिसरी जागा त्याची होती. झालं उलटं. कोलमन बाद झाला. इनिशकार्नच्या पेटीतली निम्मी मतं जरी धरली असती तरी तो वाचला असता. त्याचे कागद बाईकडं सरकले आणि बाई निवडून आली. ती चांगली होती. तिनं येऊन कोलमनचा हात दोन्ही हातांत धरला. पण तिला समुद्राचं काही कळत नव्हतं, आणि तसं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं.

हॉलच्या मागं सायकलींचा स्टँड होता. तिथं कोलमन लोखंडी दांड्याला टेकून उभा होता. डेलिया त्याच्यापुढं जाऊन थांबली. ती म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. चार लिहा म्हणून."

"माहीत आहे."

"सबिनानं विचारलं होतं, एकपासून का नाही. मी तिला वेड्यात काढलं."

कोलमननं तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. वारा होता. तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो, आधी माइल्स, मग मी. तू माझं ऐकलंस. यापुढं याबद्दल बोलायचं नाही. कुणाशीच नाही. माझ्यासाठी एवढं कर."

लहान बेटांच्या आणि खेड्यांच्या पेट्यांची टॅली वर्तमानपत्रांना द्यायची नाही, असा टॅलीवाल्यांचा आपसातला जुना रिवाज आहे. मूठभर माणसं, कोण कुणाला हे लगेच उघडं पडतं. जारलथनं सगळ्यांकडून त्या दिवशी पुन्हा एकदा तसं कबूल करून घेतलं. म्हणून बेटाला काही कळलं नाही. सबंध बेट धक्क्यावर उभं होतं तेव्हा कोलमन बोटीतून उतरला आणि नाटकातल्यासारखे हात पसरून म्हणाला, "तुमची सगळी मतं पोचली. एकही वाया गेलं नाही. बाकीच्यांनी दगा दिला, आपण काय करणार?" लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. डेलिया मागं बॅगा घेऊन उभी होती. तो तिच्याकडं बघत नव्हता, आणि ती जवळ असूनही पहिल्यांदाच त्याला तिच्या शब्दाची गरज पडली नाही.

जाळ्यांवर बंदी लगेच आली नाही. आधी आठवड्याचे दिवस कमी झाले, मग परवाने. कोलमननं दोन उन्हाळे काढले आणि बोट विकून स्कॉटलंडला, पीटरहेडच्या ट्रॉलरवर गेला. सबिनाची नात त्याच्यासाठी थांबली होती. तीही थांबून थांबून ग्लासगोला नर्स झाली. जाताना कोलमननं डेलियाला मिठी मारली आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून म्हणाला की आता तुला बॉस्टनला जाता येईल. तो विनोद होता. दोघंही हसले.

पण "बाकीच्यांनी दगा दिला" हे वाक्य बेटावर राहिलं. बाकीचे म्हणजे कोण, हे शोधायला बेटाला लांब जावं लागलं नाही. पोर्टाकली समोरच दिसत होती. तोंडावर गोड बोलले, नाटक लावलं, आणि आत जाऊन आपल्या पक्षाला मत टाकून आले, असं ठरलं. त्यांच्या दुकानातून सामान आणणं बंद झालं. जत्रेला जाणं बंद झालं. त्यांची माणसं अंत्यविधीला आली तर त्यांना चहा दिला जायचा, पण खुर्ची नाही. मग कोलमन गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पोर्टाकलीची मंडळी नेहमीप्रमाणं नाटक घेऊन येतो म्हणाली, तेव्हा हॉलमध्ये बैठक बसली आणि सबिना म्हणाली, "येऊ देत. आम्ही रंगमंचाकडं पाठ करून बसू." जारलथ तेव्हा आजारी होता. छातीचं काहीतरी होतं. त्याची बायको आधीच वारली होती. त्यानं नाटकात म्हाताऱ्याची लहान भूमिका घेतली होती, आणि तो डेलियाला फोनवर म्हणाला होता की ही शेवटचीच, विंगेत तू असशील ना.

बैठकीत हात वर करून मतं घेणार होते, पोर्टाकलीला नको म्हणायचं का. हात वर जायला लागले. डेलिया उठली. तिच्या जागेवरून नाही. ती पुढं गेली आणि रंगमंचाच्या तीन पायऱ्या चढली. तिला तिथं उभं कुणी पाहिलं नव्हतं. दिवे नव्हते, आवाज होता तो मोठा करता येत नव्हता, त्यामुळं लोकांना पुढं सरकावं लागलं.

ती म्हणाली, "पोर्टाकलीनं त्याला मत दिलं. मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. दिलं नाही ते आपण. आपले कागद सगळे बाद झाले. मी तुम्हाला चार लिहायला सांगितलं, एक लिहायचा होता. या पेटीतून त्याला एकच मत पडलं, ते त्याचं स्वतःचं."

वर गेलेले हात कुठं ठेवावेत हे लोकांना कळेना. दीपगृहाच्या रखवालदारानं टोपी काढली. सबिना पुढच्याच खुर्चीवर होती. तिनं त्या दिवशी विचारलं होतं. ते तिला आठवत असणारच, असल्या गोष्टी ती विसरत नसे. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाली, "खाली ये, डेलिया. पडशील. आकडा आमच्याच हातांनी लिहिला ना." मग ती उठून पायऱ्यांपाशी आली आणि डेलियाला दंडाला धरून उतरवलं. बेट तिला एकही दुखावणारा शब्द बोललं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. पोर्टाकलीला या म्हणून कळवलं. लोक पोस्टात येत राहिले. फक्त कागद आता घरीच भरून आणायचे. तिला त्रास नको म्हणून, असं म्हणायचे, आणि खरंच त्यांच्या मनात तसंच होतं.

नाटक झालं. जारलथनं आपली वाक्यं बरोबर म्हटली, एकदाच अडखळला. वसंतात तो गेला.

कोलमनचा फोन रविवारी यायचा. बैठकीनंतरच्या रविवारी तिनं त्याला सांगून टाकलं की आता सगळ्यांना माहीत आहे. पलीकडून बंदराचे आवाज येत होते, साखळ्या, सीगल, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.

"का सांगितलंस?" तो म्हणाला. रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"जारलथला खुर्ची मिळत नव्हती रे."

"डेलिया, तू माझ्यासाठी बॉस्टन सोडलंस. मला तुझ्यासाठी कधी काही करता आलं नाही. हे एकच केलं होतं. गप्प राहिलो. त्यासाठी तिथून निघून आलो. रोज त्यांच्यात राहून ते सांभाळता आलं नसतं मला. तेवढं तरी तू ठेवून घ्यायचं होतंस."

ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो आता कुठं थांबणार, कुठं अडकणार, हे तिला नेहमीसारखं आधीच कळत होतं. ती म्हणाली, "मग आता परत येतोस का?"

"कशावर येऊ?" कोलमन म्हणाला. "बोट नाही. जाळं नाही."

"घर आहे."

मागं कुणीतरी त्याला हाक मारली, स्कॉटिश हेल काढून, आणि तो म्हणाला की बोट भरतीबरोबर निघायची आहे. डेलिया म्हणाली की स्वेटर आत घाल, वरून नको. तो म्हणाला, घालतो. मग फोन बंद झाला आणि तिनं रिसीव्हर जागेवर ठेवून दिला. पोस्टाचं दार उघडंच होतं. बाहेर धक्का दिसत होता. माइल्स गिंटीनं निवडून आल्यावर बांधून घेतलेला, रुंद, नवा, चांगला सिमेंटचा. त्याला एकही बोट बांधलेली नव्हती.